कोपऱ्यातली चटई

शहाड, ९ मार्च १९८९

ती. आई,

हे पत्र मी टाकणार नाही. तुला आलेली पत्रं अण्णा मोठ्याने वाचतात, आणि त्यांना यातलं काही ठाऊक नाही.

मला पाळी कधी आलीच नाही. तरी चौदाव्या वर्षापासून तू मला दर महिन्याला चार दिवस कोपऱ्यात बसवलंस, शेजारणींना दिसेल अशी. ‘येईल आपोआप,’ म्हणायचीस. डॉक्टरकडे मात्र एकदाही नेलं नाहीस. लग्नानंतर इथेही मी तारखा धरून बसत राहिले.

मूल होईना म्हणून तपासण्या केल्या. सोमवारी ठाण्याला रिपोर्ट मिळाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जन्मापासूनच एक गुणसूत्र कमी आहे, त्यामुळे अंडाशय वाढलेच नाहीत. पाळी आपली आपण येणं शक्य नाही. यात कोणाचा दोष नाही.

‘पण ही तर दर महिन्याला बसते,’ तुझे जावई म्हणाले.

मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. घरी सासूबाईंनी विचारलं तर ते म्हणाले, ‘सगळं ठीक आहे.’

आज माझी तारीख होती. मी मुद्दाम सकाळीच ओट्याशी कामाला लागले. तेव्हा त्यांनी स्वतः चटई आणली आणि सासूबाईंसमोर कोपऱ्यात घातली.

मी जाऊन बसले.

तुझी,
चित्रा