बोटभर उघडं दार

सोमवार, ४ नोव्हेंबर

नापास! म्हणजे "नापास" हा शब्द परीक्षक बाईंनी वापरला नाही. त्या म्हणाल्या, "तुमचे हात छान आहेत, पण चित्र गोठतंय." एकूण एकच.

झालं असं — व्हिडिओवरच्या दुभाषीच्या नोकरीची ही परीक्षा, त्यात बाई डॉक्टर झाल्या होत्या. पलीकडे एक बहिरे गृहस्थ पेशंट झालेले. मी मध्ये. बाई बोलणार, मी ते व्हिडिओवर खुणांच्या भाषेत सांगणार. बाई म्हणाल्या, "ही गोळी घ्यायची नाही." आमच्या खुणांमध्ये 'नाही' शेवटी येतं. गोळी सांगून झाली, घ्यायची सांगून झालं, 'नाही'साठी हात उचलला आणि नेटने मान टाकली! पेशंटच्या पडद्यावर मी "गोळी घ्या" म्हणून तशीच थिजलेली. खरा पेशंट असता तर?

पुढच्या गुरुवारी आणखी एक संधी दिलीय. अट एकच — वायफाय चालणार नाही, लॅपटॉपला तारेचं नेट हवं. "तेव्हाही गोठलं तर मग पुढच्या वर्षी बघू," म्हणाल्या.

पुढच्या वर्षी म्हणे! मी शिकवायचे ती बहिऱ्या मुलांची शाळा बंद पडल्यापासून मी घरात माशा मारतेय. आणि हे काम मला नुसतं काम म्हणून नकोय. माझा दादा बहिरा; एकदा पोट धरून दवाखान्यात अर्धा दिवस बसला होता. मी पोचेपर्यंत कुणाला काही कळेना, त्याला कुणी काही सांगेना. तेव्हा तिथे कुणाच्या मोबाइलवर माझ्यासारखी एखादी असती तर! मला हे काम हवंय. हवंयच!

मंगळवार, ५ नोव्हेंबर

लॅपटॉपला केबलचं भोकच नाही. आता बोला!

कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार हसला. "ताई, हल्ली सगळे लॅपटॉप बारीक झालेत. एवढी जाड पिन शिरणार कुठून? अडॅप्टर घ्या." घेतला. एका बाजूला केबलचं भोक, दुसऱ्या बाजूला छोटी शेपटी. घरी येऊन बघते तर शेपटीची पिन रुंद, चपटी. माझ्या लॅपटॉपला दोनच भोकं, तीही छोटी, गोलसर. परत दुकानात!

"तुम्ही विचारलंच नाहीत."

"तुम्ही सांगितलंत का?"

मागे रांग लागली तेव्हा कुठे निमूटपणे बदलून दिला. वर म्हणतो, "राग मानू नका ताई." मानणार! आज दिवसभर मानणार!

बुधवार, ६ नोव्हेंबर

केबल किती लांब आणायची? दादाने शिलाई मशीन थांबवलं, गळ्यातली टेप काढली आणि थेट आईच्या खोलीत. नेटचा डबा तिथेच, खिडकीजवळच्या बोर्डापाशी. डब्यापासून भिंतीच्या कडेने दारापर्यंत, दारातून बोळात, बोळातून माझ्या टेबलापर्यंत. माप घेताना चेहरा असा गंभीर, जणू नवरदेवाची पँट शिवायचीय! शेवटी म्हणाला — दादा 'म्हणाला' म्हणजे अर्थात हातांनी — "वर वीतभर जास्त आण. शिवणीत सोडायला लागतं."

"दादा, ही केबल आहे."

"पोट सुटलं म्हणजे आठवण काढशील."

आई पलंगावर बसून बघत होती. "हवेतून येतं म्हणता ना तुमचं नेट? मग तार कशाला? मी अडखळून पडले म्हणजे तुमचे डोळे उघडतील." मी म्हटलं, भिंतीला चिकटवणार आहोत, आई. "चिकटवा, चिकटवा. म्हातारीच्या खोलीचा तारखांब करा!"

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

लागलं!! आधी डब्याच्या भलत्याच भोकात खुपसली होती, तिथून काही होईना. मग शेजारच्या पिवळ्या भोकात घातली, टक्क आवाज झाला आणि माझ्या टेबलावर अडॅप्टरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. लॅपटॉपचं वायफाय मुद्दाम बंद करून टाकलं. पडद्याच्या कोपऱ्यात वायफायच्या खुणेच्या जागी तारेची खूण आली. मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले.

मग सराव. दादा पुढच्या खोलीत मशीनवर, समोर मोबाइल उभा करून. मी माझ्या खोलीत. हाक मारली — डाव्या भुवईवरून एक बोट फिरवलं. तेच त्याचं नाव. लहानपणी पडला होता, भुवईवर व्रण आहे, त्यावरून शाळेतल्या मित्रांनी ठेवलेलं. कागदावरचं नाव निराळं, पण ते त्याला कधी ऐकू आलेलं नाही. भुवईवरून बोट फिरलं की तो जिथे असेल तिथून वळून बघतो.

किती बोललो! गोळ्या, इंजेक्शनं, बँकेचे अर्ज, पोलीस तक्रार, सगळं. एकदाही गोठलं नाही. माझी बोटं बोटांसारखी दिसत होती.

एकच घोडं अडलंय. केबलमुळे आईच्या खोलीचं दार पूर्ण लागत नाही, बोटभर उघडंच राहतं. आई करवादली. "आता मी झोपतेय की बसतेय, सगळ्या बोळाला दिसणार." बोळात असतं कोण? मी! आणि समोर माझंच दार, तेही उकाड्यामुळे उघडं.

आईला हे हातवारे पहिल्यापासून आवडत नाहीत. दादा लहान असताना कुणा मोठ्या डॉक्टरने सांगितलं होतं, हाताने बोलाल तर मुलगा तोंडाने कधीच बोलणार नाही. तिने ते असं गाठीला बांधलं की आजतागायत सोडलेलं नाही. त्याच्याशी बोलते ती तोंड मोठं करकरून. हात मांडीवर, एकावर एक. तो ओठ वाचतो, निम्मं कळतं, निम्म्याला नुसती मान डोलावतो. बाकीचं मी सांगते. माझं अर्धं आयुष्य त्या दोघांच्या मध्ये उभं राहण्यात गेलं. मला कुणी पगार दिला नाही तो भाग वेगळा!

शनिवार, ९ नोव्हेंबर

गेलं. सकाळी गेलं, जेवायच्या वेळी गेलं, संध्याकाळी चहाला बसणार तेवढ्यात परत गेलं. गोठणं वगैरे नाही, पारच गुडूप. हिरवा दिवासुद्धा बंद. थोड्या वेळाने आपोआप येतं.

अडॅप्टर काढून घातला. केबलची टोकं उलटी केली. दुकानदाराला फोनवर झापलं. नेट कंपनीला फोन लावला. "मॅडम, डबा बंद करून पुन्हा चालू करा." अहो, तो स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू होतोय, तेच तर रडगाणं आहे!

रडू आलं आज. खोटं कशाला लिहू.

रविवार, १० नोव्हेंबर

चोर घरातच! आणि चोर कोण, तर आई!

सकाळी डब्यासमोर ठाण मांडून बसले. म्हटलं, बघतेच कसा जातोस. डबा शांत, दिवे छान चमकतायत. आई उठली, चहा ओतून आली, बोर्डापाशी गेली आणि दादाला बोलावायला बटण खटखट खाली-वर केलं. डब्याचे सगळे दिवे विझले!

आमच्या घरात दादाला हाक मारायची पद्धतच ती. त्याच्या मशीनवर एक बल्ब आहे, त्याचं बटण आईच्या खोलीत. दोनदा लुकलुकलं म्हणजे चहा, तीनदा म्हणजे जेवण. फार लुकलुकलं तर आई चिडलीय! नेटचा माणूस आला तेव्हा त्याने डबा त्याच बोर्डात खुपसला. आणि बल्ब नि डब्याचा प्लग — दोन्हींना बटण एकच! इतकी वर्षं आई चहाला बोलावते, आणि आम्ही नेट कंपनीच्या नावाने बोटं मोडतो.

मी हसत सुटले. दादाला सांगितलं, तो स्टुलावरून पडायचा बाकी राहिला. आईला मात्र लागलं ते. "म्हणजे तुझी परीक्षा माझ्यामुळे गेली?" नाही गं, ती वायफायमुळे. "पण परत गेली असती तर ती माझ्यामुळेच ना?"

दादाने डब्याची वायर कपाटामागच्या वेगळ्या बोर्डात नेली. आता बल्ब कितीही लुकलुकवा. पण आई ऐकेल तर ना! "मी आता त्या बटणाला हात लावणार नाही. परीक्षा होऊन जाऊ दे." अगं, दोन्ही वेगळं केलंय! "तुमच्या तारांचं मला काही सांगू नकोस."

म्हणजे चहाला बोलवायला परत मीच.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

काळजीची गोष्ट. सराव करता करता सहज समोर बघितलं. दाराच्या फटीतून आई दिसत होती, पलंगावर बसलेली. मांडीवर शाल, आणि शालीखाली तिची बोटं थरथरत होती. मी बघतेय म्हटल्यावर एकदम थांबली. कंप सुटला असेल का? तिच्या आईलाही म्हातारपणी होता. सोमवारी डॉक्टरची वेळ घेतलीय. तिला आत्ताच सांगत नाही, नाहीतर परीक्षेआधी घरात रामायण.

बुधवार, १३ नोव्हेंबर

उद्या. जीव टांगणीला लागलाय. केबल पाच वेळा दाबून बघितली.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

झाली!

दार लोटून घेतलं, केबलपुरती फट ठेवली. हिरवा दिवा अखंड. परीक्षक बाईंनी आधी बँक घेतली, मग भाडेकरूचं भांडण घेतलं. शेवटी हळूच पुन्हा तेच — "ही गोळी घ्यायची नाही." मुद्दाम! मी गोळी सांगितली, घ्यायची सांगितलं, श्वास धरला आणि 'नाही' सांगितलं. पलीकडच्या गृहस्थांनी लगेच मान हलवली आणि विचारलं, "का नाही?"

का नाही! इतका सुंदर प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. बाई म्हणाल्या, "कळवू." पण त्या हसल्या. मला दिसलं, अगदी स्वच्छ दिसलं.

बाहेर आले तर पुढच्या खोलीत मशीन बंद. दादा आईच्या पलंगावर, तिच्या शेजारी, दोघं चहा घेतायत. दादाचे डोळे लाल. म्हटलं, काय झालं? "डोळ्यात कापडाचं सूत गेलं." आई खिडकीबाहेर बघत बसली. मी परीक्षेचंच सांगत सुटले, कप भरून घेतला आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

निवड झाली!! ओरडत दादाकडे धावले — सवय, काय करणार! त्याने माझे दोन्ही हात धरून ठेवले. मग सोडून म्हणाला, "आता माझं ऐक. तुझ्या निकालापर्यंत दाबून ठेवलं होतं."

गुरुवारी मी परीक्षेत असताना चहा झाला. आईने बटणाला हात लावला नाही. चालत पुढच्या खोलीत गेली, मशीनला वळसा घालून त्याच्या समोर उभी राहिली. डाव्या भुवईवरून एक बोट फिरवलं. मग — चहा. ये.

फटीतून बघून बघून शिकली! आणि मी डॉक्टरची वेळ घेऊन बसलेय.

दादा पन्नाशीला आला. आईने त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली.