जिना वर पोचत नाही

प्रिय वहिनी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू आधी हसली असशील. आठवड्यातून तीनदा फोन करणाऱ्या नणंदेला पत्र लिहायचं हे काय खूळ सुचलं? पण फोनवर तू ‘जेवलीस का’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणते, आणि त्यापुढे माझी जीभ रेटत नाही. चार पत्रं लिहून फाडली, हे पाचवं. अक्षर लागलं नाही तर चिडू नकोस. दिवसभर माउस धरणाऱ्या हाताला पेन परकं झालंय.

इकडचं ठीक आहे. सरांनी अखेर ऑफिसची खिडकी दुरुस्त करून घेतली, त्यामुळे आता वारा आला की नकाशे उडत नाहीत. खालच्या दवाखान्यातली पोरं तशीच रडतात. माझं टेबल भिंतीकडून दाराकडे आलंय, म्हणजे माझी बढती झाली असं बाकीचे चिडवतात. हे सगळं तुला फोनवर सांगितलंच आहे. वेळ काढतेय, कळतंय मला.

तुमच्या घराचे नकाशे करायचे ठरले तेव्हाचं आठवतं? दादा म्हणाला होता, घरचं माणूस असताना बाहेर कशाला जायचं. तो खोल्यांची मापं सांगत सुटला आणि तू टेबलाच्या कडेला बसून वाटाणे सोलत होतीस. तुला काय हवं विचारल्यावर तू एकच गोष्ट मागितलीस. जिन्याच्या पायऱ्या बुटक्या हव्यात, आईंना चढता-उतरता त्रास नको. बाकी ओटा कुठेही घाला म्हणालीस. मी लगेच लिहून घेतलं, अठरा पायऱ्या, प्रत्येकी सतरा सेंटिमीटर. आईला तू अशी मनात धरलेलीस बघून मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं.

आमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये घर कागदावर काढल्यासारखं काढत नाहीत, बांधतात. भिंत टाकली की ती उभी राहते, छप्पर म्हटलं की ते आपलं आपण बसतं. म्हणजे बसायला हवं. तुमचं छप्पर बसेना. न्हाणीघरावर त्याला भोक पडायचं, ते बुजवलं की बेडरूमची भिंत छपरातून वर डोकं काढायची. तिला खाली ढकललं की खिडकी गायब. आठ दिवस मी त्या घराशी झटत होते. मोडून पुन्हा केलं, नवीन फाइलमध्ये नेलं, ऑफिसातल्या प्रत्येकाला दाखवलं. प्रत्येकाने मान हलवून वेगळा उपाय सांगितला आणि प्रत्येक उपायाने दुसरंच काहीतरी बिघडलं. कसंबसं छप्पर जागेवर आलं, तर जिना रुसला. पडद्यावर लाल अक्षरं यायची, जिना वरच्या मजल्यापर्यंत पोचत नाही. मी तो पुसायचे, पुन्हा घालायचे, आणि तो पुन्हा तिथेच थांबायचा. वरची फरशी समोर दिसतेय आणि जिना तिच्याखाली दोन-अडीच बोटं अडलाय.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस शांत होता, माझं सगळं रडगाणं ऐकून घेतलं त्याने. म्हणाला, मजल्याची उंची तपासा, वरच्या फरशीची जाडी कुठेतरी धरायची राहिली असेल. त्याचं बरोबर असणार हे मला तेव्हाच कळलं होतं. पण तो आकडा बदलला की सगळ्या भिंती हलणार, आणि छप्पर पुन्हा उसवणार. आणि सरांना कंत्राटदाराच्या हातात नकाशे त्याच दुपारी द्यायचे होते. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून घड्याळ बघत होते. मी जिन्याचा आपोआप जुळण्याचा पर्याय बंद केला, जिना हाताने उचलून होता तिथे ठेवला, आणि जिथे फट दिसत होती तिथे एक साधी रेघ मारली. लाल अक्षरं गेली. छापल्यावर तो जिना इतका सुबक दिसत होता की सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

पुढे बांधकाम चालू असताना गवंड्याचा मला फोन आला होता. शेवटची पायरी जरा उंच येतेय म्हणाला. मी तेव्हा दुसऱ्याच कोणाच्या तरी स्वयंपाकघरात अडकले होते. फरशी बसली की जुळेल, असं त्याला सांगितलं आणि फोन ठेवला. फरशी बसल्यावर ती जुळणार नव्हती, वहिनी, आणखी उंच होणार होती. एक मिनिट डोकं चालवलं असतं तरी मला कळलं असतं.

आई त्या जिन्यावरून पडली, त्यानंतर तिच्या पायाचं ऑपरेशन, तुझी रजा, नंतर सुटलेली नोकरी, तिचं खाणंपिणं, अंघोळ, सगळं तू केलंस. मी येत होते ती पाहुण्यासारखी, फळं घेऊन. आई सुरुवातीला म्हणायची, पायरी खाली गेली गं. आपण सगळ्यांनी तिच्या डोळ्यांना दोष दिला, चष्म्याचा नंबर तपासून आणला. आणि दादाने तुला दोष दिला. तू नुकतीच फरशी पुसली होतीस, ओली ठेवलीस, असं तो पहिल्याच दिवशी दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणाला. तू म्हणालीस, मी आज वर पुसलंच नाही. पुढच्या आठवड्यात म्हणालीस, नसेल पुसलं बहुतेक. आणि आता आठ महिन्यांनी कोणी विचारलं तर तूच सांगतेस, मीच पुसलं असेल, घाईत होते.

मागच्या रविवारी तू आईला घेऊन तपासणीला गेलीस तेव्हा मी मोजपट्टी घेऊन तुमच्याकडे आले होते. दादा घरी होता. सतरा पायऱ्या सतरा सेंटिमीटरच्या आहेत, अगदी तू मागितल्या तशा. वरची साडेएकवीस आहे. सोमवारी ऑफिसात जुनी फाइल उघडून तो एक आकडा घातला. जिना गपकन जाऊन वरच्या फरशीला भिडला. छप्परसुद्धा फारसं हललं नाही, अर्ध्या तासाचं काम होतं. सुतार म्हणतो प्रत्येक पायरीवर थोडी थोडी जाड होत जाणारी फळी टाकून जिना सारखा करता येईल, पुढच्या आठवड्यात येतोय तो. जिन्याचं होईल काहीतरी. आईच्या पायाचं काय करू, तुझ्या या आठ महिन्यांचं काय करू, मला खरंच कळत नाही.

दादाला त्या रविवारीच सगळं सांगितलं. त्याने माझ्या हातातली पट्टी घेऊन वरची पायरी स्वतः मोजली. मग म्हणाला, “तिला आता कशाला सांगतेस? सगळं शांत झालंय.” मी जिना उतरून निघून आले.

पण काल फोनवर आई बोलता बोलता म्हणाली, सूनबाई हल्ली लादी पुसली की कोरड्या फडक्याने तीन-तीनदा टिपते, मग हात टेकवून बघते, आणि तरी मला म्हणते थांबा, अजून येऊ नका. ते ऐकल्यापासून मला काही सुचत नाही, म्हणून हे पत्र. आई पडली त्या दिवशी मी तुमच्याकडेच होते, आणि आवाज ऐकून वरच्या तुमच्या खोलीतून सगळ्यात आधी मी धावले होते. माझ्या पायात मोजे होते. वरच्या फरशीवरून धावत मी जिन्याशी आले, आणि उतरताना माझाही पाय तिथेच हवेत राहिला. कठडा हाताला लागला म्हणून वाचले. आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले तेव्हाच मला सगळं समजलं होतं, आणि दादा बोलत असताना मी तुझ्या शेजारी उभी राहून गप्प बसले. माझे मोजे कोरडे होते, वहिनी. तू फरशी पुसली नव्हतीस.

तुझीच म्हणायचा हक्क राहिला असेल तर तुझीच,
धाकटी