गुळव्याचं नाक

७ डिसेंबर १९३६, सोमवार

काहील करपली. माझ्या हातची!

एकवीस हंगाम गूळ करतोय, त्यातले बारा इथं, रावजीआबांच्या मळ्यावर. पाक व्हायला आला की वास पालटतो. उसाचा कच्चेपणा जातो आणि खमंग काहीतरी सुटतं – तेवढ्यात काहील उतरवायची. रंगावर जाऊ नका, नाकावर जा, असं नव्या माणसांना मीच शिकवत आलो. आणि आज काहिलीच्या काठाला उभा असून मला काही म्हणजे काही आलं नाही. चुलवाणाला जाळ घालणारा गेणबा ओरडला तेव्हा खाली बघितलं. काळंभोर. बैलांना घालायच्या लायकीचा गूळ.

आबा आले, बघितलं, गेले. मालक माणूस. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

९ डिसेंबर

मोटारीनं बारामतीला जाऊन आलो. डॉक्टरांनी नाकात उजेड पाडून बघितलं, छातीला नळी लावली. विड्या किती ओढता? म्हटलं, कधी मोजल्या नाहीत. म्हणाले, नाकाचं धुराडं केलंय तुम्ही. विडी सोडलीत तर दोन-अडीच महिन्यांत वास येईल. विचारलं, नक्की? तर म्हणाले, आला तर. असं कुणी बोलतं का रोग्याशी!

तलफ आली की हाताला दुसरं काम द्या, असंही म्हणाले. म्हणून पेठेतून ही वही घेतली; सोमवारी चिटोऱ्यावर लिहिलेलं आधी तिच्यात उतरवलं. चौथी शिकलोय, अक्षर बरं आहे. एवढं लिहीपर्यंत दोन विड्या झाल्या.

१० डिसेंबर

आज सोडली. दुपारपर्यंत.

१२ डिसेंबर

दर हंगामाला वरकुट्याचं घर बंद करून आम्ही तिघं इथं मळ्यावर येतो – मी, बायको प्रयाग आणि आई. कालव्याच्या कडेला खोपटं आहे. आज जेवताना दोघींना सांगितलं, नाक गेलं. विडी सोडायचीय. आई हसली. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, म्हणाली. प्रयाग भाकरी वाढत राहिली.

गेणबाला कालच सांगितलं होतं. त्याचं नाक मोठं तिखट – पलीकडच्या वस्तीवर दूध उतू गेलं तर ह्याला इथं कळतं. त्यानं तोड काढली. पाक आला की तो दोनदा खोकणार आणि मी म्हणणार, उतरवा. आज सबंध दिवस असंच झालं. गूळ सोन्यासारखा पडला, आबा खूश. मी मात्र दुसऱ्याच्या नाकानं गुळव्या झालो.

१९ डिसेंबर, चंपाषष्ठी

उसाचा चरक बंद. वांग्याचं भरीत, भाकरी. आणि आज बेल-भंडारा उचलला.

ही प्रयागची कल्पना. बोलून सुटत नाही, देवापुढं सोडा, म्हणाली. आबांनी ताटात बेल-भंडारा आणून चुलवाणापुढं ठेवला. मी उचलला, तंबाखूला शिवणार नाही म्हणालो. मागोमाग गेणबानं हात घातला – तो चिलमीचा माणूस, मिसरूड फुटायच्या आधीपासून ओढतोय. मी म्हटलं, तू कशाला? तर प्रयागनंही पदर खोचून भंडारा उचलला. तिची मिसरी लग्नाआधीची. सकाळी दातांना लावल्याशिवाय तिला चूल सुचत नाही.

"एकट्यानं न्हाय व्हायचं तुमच्यानं," म्हणाली. "आमी हाय संगट."

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण गंमत नव्हे ही. आमच्याकडं हे खरं पाळतात. भंडारा उचलून मोडला तर त्या जागेची चूल थंड ठेवायची, मोडणाऱ्यानं पायी जेजुरीला जाऊन यायचं, तोवर जाळ नाही. आणि तसल्या गुळव्याला पुन्हा कुणी काहिलीशेजारी उभा करत नाही. गूळ बाटतो म्हणतात.

२३ डिसेंबर

अंगाची लाही लाही. बोटं आपोआप कानामागं जातात, विडी शोधायला. गुळव्याला मालकानं रोज विडीचं बंडल द्यायची रीत. आबांनी ती मोडून मला फुटाणे द्यायला सुरुवात केली. माझ्या दोन्ही खिशांत फुटाणे! प्रयागचं डोकं दुखतंय, फडकं बांधून कामं करते. गेणबा रात्ररात्र जागा असतो, तरी दिसेल त्याला माझं कौतुक सांगतो, जोत्या टिकला बघा.

सगळे माझ्यासाठी मरतायत.

२७ डिसेंबर

ओढली.

२८ डिसेंबर

म्हस्कू आमच्या गुळाच्या गाड्या भिगवण स्टेशनला नेतो. त्याच्याकडून घेतली. त्याला काही ठाऊक नाही, त्यानं आपली सहज पुढं केली. चिपाडाच्या गंजीमागं उकिडवा बसून ओढली, चोरासारखा. तिचीही चव लागली नाही. नाकच नाही तर चव कुठली! मग कशासाठी ओढली? आज परत दोन.

४ जानेवारी १९३७

चार-पाचावर आलोय. नंतर ओवा चावतो, पेरूचा पाला चघळतो, राखेनं हात घासतो. कुणाला पत्ता नाही. चुलवाणाच्या धुरात कुणाला काय कळणार म्हणा.

प्रयाग हल्ली माझी बंडी रोज धुते. गुळानं चिकट होते, म्हणते. एवढ्या थंडीत, कालव्याच्या पाण्यात. आई जेवताना पार दारात जाऊन बसते, तिथं म्हणे वारा लागतो. म्हातारपण.

तिघांनी भंडारा उचलला आणि दोघांनी पाळला. मी काय माणूस आहे!

१४ जानेवारी, संक्रांत

प्रयागनं तिळगूळ दिला. हळूच विचारलं, वास येतोय का थोडाथोडा? म्हटलं, येतोय. खोटं. तिनं माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाली, "मग बरं झालं." उठून भांडी घासायला गेली.

उद्यापासून खरंच नाही ओढायची.

१५ जानेवारी

तीन.

२१ जानेवारी

लिहिता येत नाही. तरी लिहितो.

दुपारची तिसरी काहील. पाकाला अवकाश आहे असं वाटलं म्हणून गंजीमागं गेलो. पाक लवकर आला. गेणबा दोनदा खोकला असेल, मग हाका मारल्या असतील. मी ऐकल्या. पहिली हाक मी ऐकली! विडी अर्धी होती. म्हटलं, दोन झुरके.

काहील जळू नये म्हणून गेणबानंच कडीत दांडा घातला आणि एका गड्याला हाताशी घेऊन ओढायला गेला. चौघांचं काम. काहील कलली. उकळता पाक त्याच्या डाव्या हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत. पाण्याचं भाजणं वेगळं. पाक चिकटून बसतो. मी धावत गेलो, त्याचा हात मांडीवर घेतला, पाणी ओतलं. पाक निघेना. माझ्या बंडीवर थिजून बसला.

गेणबा ओरडत नव्हता. दात खाऊन माझ्याकडं बघत होता.

आबा आले. सगळे गोळा झाले. आबा माझ्याशेजारी बसले, माझा खांदा धरला, तोंड माझ्या तोंडाशी आणलं, काही बोलणार असं वाटलं. उठले आणि सगळ्यांना म्हणाले, "हितं भंडारा उचललाय. कुणी मोडला त्यानं सांगावं. त्याबिगर जाळ व्हनार न्हाय."

प्रयाग समोर उभी, पदर तोंडावर.

गेणबा म्हणाला, "म्या मोडला. चिलीम वडली."

मी गप्प बसलो. हे वहीत लिहून ठेवतो, म्हणजे पुढं मला नाकारता यायचं नाही. मी गप्प बसलो.

२३ जानेवारी

चूल थंड. ऊस तोडून पडलाय, वाळतोय. गेणबा उद्या जेजुरीला निघणार, त्या हातानं. आबा म्हणाले, गाडीत बस, देव समजून घेईल. नको म्हणाला.

त्याची बायको धोंडाबाई प्रयागजवळ रडत होती. "माझ्या मालकानं चिलमीला हात बी लावला न्हाय गं," म्हणत होती. प्रयाग तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

२४ जानेवारी

सुप्यापर्यंत गेणबाबरोबर चालत गेलो. हात फडक्यात, गळ्यात बांधलेला. वाटेनं तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा म्हटलं, गेणबा, मी परत जाऊन आबांना सांगतो.

तो थांबला. "काय सांगतूस? जाळ घालाया कुणीबी घावंल. गुळव्या कुठनं आणायचा? तुला एकदा काढला का मग कोन उभा करनार? तुझी म्हातारी काय खाईल?"

"पण हात तुझा गेला."

"हात गेला त्यो गेला. आता तू वडू नगंस. एवढं कर."

सुप्यात पाणी प्यालो. पुढं येऊ नकोस म्हणाला, लोक विचारतील, जोतीराम कशापायी आला. माळावरनं जाताना दिसेनासा होईपर्यंत बघत उभा राहिलो. खिशात एक विडी होती. तिथंच चुरगळून टाकली.

३० जानेवारी

गेणबा आला. चूल पेटली. तो लांब, बाभळीखाली बसला. मोडलेला माणूस म्हणून त्याला चुलवाणाजवळ येऊ देत नाहीत. दोनदा खोकायला आता कुणी नाही. थंड पाण्यात पाकाची गोळी वळवून बघतो, रंग बघतो, अंदाजानं उतरवतो. गूळ बरा पडतोय. बरा म्हणजे बरा, पूर्वीचा नाही.

विडी नाही. सहा दिवस.

६ फेब्रुवारी

नाही. पण त्यात माझी कसली बढाई? विडी आठवली की तो हात दिसतो. झोप नाही, भूक नाही, काळा बेडका पडतो. प्रयाग ओव्याचा शेक देते छातीला. अजून मिसरी लावत नाही. म्हटलं, तू लाव आता, भंडारा मोडलाच आहे. म्हणाली, माझा न्हाय मोडला.

१५ फेब्रुवारी

गेणबाची दोन बोटं चिकटून गेली. मूठ वळत नाही. दांडा धरता येणार नाही, कोयता धरता येणार नाही.

वास नाही. रोज सकाळी काहिलीवर वाकतो, नाक भरून घेतो. काही नाही. डॉक्टर म्हणाले होते, आला तर. नाही येणार. का यावा?

२४ फेब्रुवारी

एक महिना विडीशिवाय. आबांनी सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं, माझ्या नावानं! म्हणाले, जोतीराम शब्दाला जागला. गडी मला शाबासकी देत होते. बाभळीखालून गेणबाही हसला, उजवा हात वर केला.

माझ्या वाट्याचं खोबरं बैलाला घातलं.

५ मार्च

हंगाम संपला. परवा वरकुट्याला परत.

ठरलं. उद्या प्रयागला सांगणार, सगळं, गंजीमागच्या पहिल्या दिवसापासून. मग आबांना. गुळव्या म्हणून उभा करू नका, म्हणणार. वाक्यं मनात जुळवून ठेवलीत. ती माहेरी जाईल कदाचित. जाऊ दे. गेले सव्वादोन महिने ती ज्या माणसाशेजारी निजते तो कोण, हे तिला कळायला हवं.

६ मार्च

खोपटं आवरत होतो. त्या दिवशीची बंडी खुंटीवर तशीच होती, पाक थिजलेली. मीच धुऊ दिली नव्हती. घडी घालायला जवळ घेतली आणि नाकात काहीतरी शिरलं. आधी गूळ. मग – विडी! उग्र, शिळी, कुजकट. बाहीला, गळ्याला, सगळीकडं. ओव्याचा मागमूस नाही. बाहेरच्या चुलीवरून प्रयागचं पिठलंही आलं, आणि मातीचा वास, शेणाचा वास. सगळे एकदम आले.

बंडी परत नाकाशी धरली. आई दारात का बसायची. आबांनी त्या दिवशी तोंड कुठं आणलं होतं. गेणबा, तिखट नाकाचा गेणबा! रोज.

प्रयाग आत आली. मी जुळवलेलं एक वाक्य आठवेना. नुसतं विचारलं, तुला कधीपासून ठाऊक?

"नाक तुमचं गेलंतं," म्हणाली. "आमचं न्हाय."

आणि माझ्या हातातली बंडी घेऊन कालव्यावर धुवायला गेली.