फ्रान्सहून आणलेलं यीस्ट

३ मे
आजपासून चिडायचं नाही. माझ्या विद्यार्थिनीचा, सुंदुसचा प्रबंध महिनाअखेर गेलाच पाहिजे, नाहीतर तिचं वर्ष वाया. काम सोपं आहे. डीएनए तुटला की पेशी जुळणारा तुकडा शोधते आणि त्याच्या आधारानं सांधते. आपण दोन्ही टोकं हुबेहूब जुळतील असा आपला तुकडा आत सोडायचा. पेशी तो आपलाच समजून बसवते. तुकड्यात यीस्ट मारणाऱ्या औषधाला पुरून उरणारं जीन आहे. ज्यांनी तो बसवला, त्याच पेशी औषधाच्या थाळीत वाढतील. सुंदुस म्हणत होती, समोरच्या बेकरीचं यीस्ट घेऊ या. बेकरीचं! फ्रीजरमधून माझं काढलं. फ्रान्समध्ये याच्यावरच मी डॉक्टरेट केली.

७ मे
थाळी कोरी, एक ठिपकाही वाढला नाही. सुंदुसचा हात जड आहे. तसं सांगितलं. चिडले नाही.

१२ मे, दुपार
पुन्हा कोरी. स्फाक्स शहराची वीज दोनदा गेली, वर वाळवंटाकडचा वारा. यीस्ट तरी काय करणार? सुंदुस म्हणाली, "मादाम, तोच वारा बेकरीलाही लागतो. त्यांचा पाव फुगतो." हिच्या आईलाही मीच शिकवलं. तीही अशीच होती.

१८ मे
आज सगळं स्वतः केलं. मुरलेला हात तो मुरलेला हात.

२१ मे
कोरी. हल्लीच्या थाळ्याच निकृष्ट. कंबर धरली आहे.

२५ मे
सुंदुसनं मला न विचारता डीएनए तोडणारं औषध दोन्ही यीस्टवर घातलं. बेकरीचं जगलं, माझं साफ मेलं. म्हणाली, "मादाम, तुमच्या यीस्टला सांधताच येत नाही. फ्रान्समध्ये त्याचं केलंत तरी काय?" इतकं जुनं कुणाच्या लक्षात राहतं?

२६ मे
आठवलं. सांधायला लागणारं जीन मीच काढून टाकलं होतं. त्याच्यावाचून पेशीचं काय होतं, हाच विषय. परीक्षकांनी फार कौतुक केलं होतं.

२८ मे
सुंदुसनं गुपचूप केलेली बेकरीच्या यीस्टची थाळी ठिपक्यांनी भरलेली. तुकडा नेमका जागेवर बसलाय. थाळी पंधरा दिवस फ्रिजमध्ये होती. मला दाखवायची हिंमत झाली नाही म्हणे. मी तिला खाते की काय?

प्रबंध वेळेत जाईल. सुंदुसला म्हटलं, लिही, 'मार्गदर्शकांच्या सूचनेवरून यीस्ट बदललं.'

तिनं लिहिलं. मग कॉफी आणून दिली, बिनसाखरेची. मला साखर लागते, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

प्यायले.