पाहुणीच्या पानातला उकडा

९ फेब्रु., सोम.
मिलच्या प्रयोगशाळेत सकाळपासून उकड्या तांदळाचे नमुने. गेल्या वर्षी आपल्या सरकारने निर्यात एकाएकी थांबवली. त्या छोट्या बेट-देशात दुकानं रिकामी पडली. यंदा त्यांनी आपल्याकडून घ्यायचा कोटा निम्म्यावर आणला. त्यात आमच्या मिलला जागा मिळाली नाही तर मालक प्रयोगशाळा बंद करणार. म्हणजे मी घरी. त्यांची तपासनीस परवा येते आहे.

११ फेब्रु., बुध.
बाई माझ्याच वयाची. ओलावा, तुकडा, रंग, सगळं मर्यादेत. तरी यंत्रावर विश्वास नाही. दाणा दाताखाली फोडून पाहिला. फोरमन षण्मुगम् अण्णा खूश : "ही आपल्यातलीच!"
मालकांच्या आग्रहावरून जेवायला जुन्या मराठा राजवाड्यामागे आमच्या घरी नेली. चूक तिथे. आईने सणासुदीचा कच्चा तांदूळ, पच्चरिसी, शिजवलेला. बाईने शीत बोटावर घेतलं. "हा उकडा नाही."
खरं ते सांगितलं : उकडा आम्ही रोज खातो, पाहुण्यांना वाढत नाही.
"पाहुण्याला देत नाही, ते आम्हाला विकता?"
"काय म्हणते गे ती?" आईने विचारलं. सांगितलं.
"मग घरचीच हो म्हणावं!" आमच्यासाठीच्या भांड्यातला उकडा वाढला, वर सांबार. बाई हसली. दोनदा घेतला.

१२ फेब्रु., गुरु.
फॉर्मवर प्रश्न : 'उत्पादक भागात हा तांदूळ खातात का?' माझं उत्तर होतं 'होय'. आज पुढे जोडलं : 'रोज. पाहुण्यांना वाढत नाहीत.'
मालक ओरडले, "एवढं खरं कोण लिहितं, अम्मा?"
बाईने सही करताना खाली लिहिलं : 'अपवाद : मी.'

१८ फेब्रु., बुध.
दिल्लीत दोन्हीकडचे अधिकारी बसले. आपले म्हणाले, आधी कोटा वाढवा. ते म्हणाले, आधी लिहून द्या, न कळवता निर्यात बंद करणार नाही. काही ठरलं नाही. पुन्हा सोमवारी. त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. मालकांपाशी बोलले नाही.
संध्याकाळी बाईचा मेल : आणखी एक नमुना पाठवा, वरिष्ठांना शिजवून घालणार आहे. बाकी काही सांगता येत नाही.

१९ फेब्रु., गुरु.
नमुना नियमाप्रमाणे एक किलो. सील केला. घरी फोन केला तर आई म्हणाली, "किती जणं जेवणार?"
माहीत नाही.
सील फोडलं. दोन किलो केला.