फियाटच्या पोटात गंगाजल

९ सप्टेंबर, मंगळवार

मीठ सापडलं नाही.

माझ्याच स्वयंपाकघरात, आमटी उकळतेय, हातात डाव, आणि मी मीठ शोधतेय! श्यामने सगळे डबे बाराखडीप्रमाणे लावलेत. खालच्या फळीवर क पासून सुरुवात. म्हणजे कणीक, कोकम, खसखस हाताशी. आणि मीठ, मोहरी, साखर, हळद, हिंग – रोजचं जे जे लागतं ते सगळं वरच्या फळीवर, जिथे माझा हात पोचत नाही. खसखस आमच्याकडे दिवाळीत अनारशांना लागते. ती मात्र नाकासमोर.

"सिस्टीम आहे ही, उत्तरा. आंधळ्यालासुद्धा सापडेल."

आंधळ्याला सापडेल रे, बुटकीचं काय?

जन्मभर विम्याच्या ऑफिसात फायली लावल्या. जूनमध्ये निवृत्त झाला. फायली संपल्या, आता माझा नंबर लागलाय.

११ सप्टेंबर, गुरुवार

श्याम घरात. नंतर लिहीन.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अजून घरातच.

१४ सप्टेंबर, रविवार

श्याम आंघोळीला गेलाय तेवढ्यात लिहिते.

आज नाहूरहून देवदत्त आला होता. श्यामचा पुतण्या, थोरल्या दादांचा मुलगा. पेढे आणले, चहा घेतला, मग हळूच म्हणाला, "काका, फियाट नेऊ म्हणतो."

आप्पांची फियाट. माझ्या सासऱ्यांची. साल अडुसष्ट, रंग एके काळी क्रीम. आप्पा गेल्यापासून आमच्या कंपाउंडमध्ये चिंचेखाली ताडपत्री पांघरून बसलीय. मांजरांच्या तीन पिढ्या तिच्यात वाढल्या. कागदोपत्री ती दादांच्या नावावर, आणि दादा गेले, म्हणजे देवदत्तची. त्यात वाद नाही.

पण त्याला ती चालवायची नाहीये. कर्जतला फार्महाऊस घेतलंय, तिथे गेटवर ठेवायची! बॉनेटवर पिटुनियाच्या कुंड्या, आत दिव्यांच्या माळा. "पाहुणे फोटो काढतील, काका. टोइंगवाला बघून ठेवलाय."

श्यामचा चेहरा बघवेना. बराच वेळ बशीतला चहा ढवळत बसला. बशीतला! मग म्हणाला, "आप्पांची गाडी मेलेल्या ढोरासारखी ओढून न्यायची नाही. मी ती चालू करीन, आणि चालवत तुझ्या दारात आणून देईन. तोवर हात लावायचा नाही."

"काका, ती चालू होईल?"

"शब्द आहे माझा."

याला गॅसचा सिलिंडर बदलता येत नाही. देवदत्तने आणि मी एकमेकांकडे बघितलं फक्त.

२० सप्टेंबर, शनिवार

स्वर्ग! दुसरा शब्द नाही.

सकाळी आठला श्याम खाली जातो तो जेवायला हाक मारेपर्यंत वर येत नाही. मी इथे खिडकीशी बसून लिहितेय, आणि समोर फियाटच्या खालून त्याचे दोन पाय बाहेर आलेले दिसतायत. पाय दिसतायत तोवर मी मोकळी. मीठ खाली आणलं, खसखस वर गेली. काल दुपारी झोपले, कुणी पंख्याचा स्पीड तपासायला आलं नाही.

वरच्या मजल्यावरची क्षमा म्हणाली, "काय गं, तुझा नवरा दिवसभर गाडीखाली असतो. भांडलात की काय?" मी म्हटलं, उलट. इतक्या सुखात आम्ही कधीच नव्हतो.

फुकट मात्र काही मिळत नाही. माझं इडलीपात्र गेलं, त्यात आता नट-बोल्ट आहेत. दात घासायचा ब्रश प्लग घासायला गेला – माझा, त्याचा नव्हे. कार्बोरेटर जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवलाय आणि त्याच्याशेजारी बसून आम्ही वरणभात खातो.

काल जेवताना त्याने मला एक छोटीशी काळी वस्तू दाखवली. लिमलेटच्या गोळीहून थोडी मोठी. "हा रोटर. हा काढला की गाडी ठार बंद. बाकी सगळं जागच्या जागी असलं तरी. आप्पा रात्री हा काढून शर्टाच्या खिशात घालून वर यायचे. चोराने रात्रभर झटापट केली तरी गाडी हलायची नाही." आणि हसला. जूनपासून पहिल्यांदा मी त्याला असं हसताना बघितलं.

२८ सप्टेंबर, रविवार

चालू झाली! कमालच केली याने. काळ्या धुराचा लोट निघाला, तळमजल्यावरच्यांचे वाळत घातलेले कपडे परत धुवावे लागले, मांजर सहकुटुंब चिंचेवर चढलं. सगळी बिल्डिंग टाळ्या वाजवत होती. श्याम बाहेर आला तो नुसते डोळे आणि दात.

मी पण टाळ्या वाजवल्या. वाजवता वाजवता लक्षात आलं. गाडी झाली, की गाडी जाणार. गाडी गेली, की हा परत वर.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

फियाटची पूजा केली. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. सासूबाई दर दसऱ्याला गाडीवर गंगाजल शिंपडायच्या. देवघरात त्यांनी काशीहून आणलेला गंगेचा गडू आहे, सील केलेला, म्हटलं आज तो फोडूच. श्याम आपट्याची पानं आणायला गेला होता. मनात आलं, वरून शिंपडून काय व्हायचंय? तीर्थ पोटातच जायला हवं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं आणि हात जोडून अख्खा गडू ओतला आत. आप्पांची गाडी आहे, काशीचं पाणी लाभू दे बाईला!

संध्याकाळी श्याम चक्कर मारायला निघाला. गल्लीच्या तोंडाशी गाडी दोनदा खोकली आणि थांबली. चौघांनी ढकलत परत आणली. हार अजून ताजा होता.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पाय दिसतायत. कार्बोरेटर परत टेबलावर. कारण सापडत नाहीये. मला वाटतं दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

१२ ऑक्टोबर, रविवार

बापरे.

श्याम धावत वर आला, हातात काचेची बाटली. "सापडलं! हे बघ, टाकीतून काढलंय. वर पेट्रोल, खाली पाणी. पेट्रोलमध्ये पाणी, उत्तरा! पंपवाले चोर आहेत एकेक."

मी बाटलीकडे बघितलं. मग देवघरातल्या रिकाम्या गडूकडे. मग परत बाटलीकडे.

सांगणारच होते. अगदी तोंडाशी आलं होतं. पण तो बाटली खाली ठेवून माझ्या कढईत डोकावला आणि म्हणाला, "पोह्यांना फोडणीत शेंगदाणे आधी का घालतेस? लॉजिक काय आहे?"

नाही सांगितलं.

टाकी रिकामी करून, धुऊन, पुसून झालीय. पेट्रोल आता गोरेगावहून आणणार म्हणे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

गाडी झकास चालतेय. बाहेर फक्त पॉलिश बाकी, ते संध्याकाळी ऊन उतरल्यावर. म्हणजे श्याम दिवसभर घरात, आणि माझं फराळाचं चाललेलं.

गाडीसाठी एक माप घ्यायचं यंत्र आणलंय, व्हर्नियर का काय ते. त्याने आज माझ्या चकल्या मोजल्या. एकेक चकली! "ही बघ, ही या चकलीपेक्षा चार मिलिमीटर मोठी. एकसारख्या का नाही येत?" मग म्हणाला, मीठ परत खाली का आलंय.

तो पॉलिशचा डबा आणायला स्टेशनवर गेला. मी तांब्या भरला आणि खाली गेले.

गंगाजल नाही. साधंच पाणी, पण फिल्टरचं घेतलं. उगाच घाण नको जायला इंजिनात.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पाय दिसतायत! पायांकडे बघत बघत लाडू वळले, एकही बिघडला नाही.

शरम वाटतेय थोडी. पण लाडू फार छान झालेत.

एक नवल – मला वाटलं गाडी परत बंद पडली म्हणून हा आकाशपाताळ एक करील. तर शीळ घालत वर आला. "परत पाणी गं," म्हणाला, आणि तीन पोळ्या जेवला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

देवदत्तचा फोन. कर्जतच्या गेटवर चौथरा बांधून झाला. कुंड्या आल्या. "काका, कधी?"

श्याम "बघतो" म्हणाला आणि खाली गेला.

२ नोव्हेंबर, रविवार

दुपारी खिडकीतून बघितलं तर पाय नाहीत. म्हटलं गेला कुठे? खाली गेले. गाडीत बसला होता, स्टिअरिंगवर दोन्ही हात, गाडी बंद. मी शेजारी जाऊन बसले. सीट अजून मऊ आहे.

"आप्पा इथे बसायचे," म्हणाला. "आई तुझ्या जागी, मी आणि दादा मागे. घाट चढताना आप्पा गाडीशी बोलायचे – चल गं बाय माझी, चल. हिच्या डोक्यावर आता तो कुंड्या ठेवणार."

"मग नको ना देऊस."

"गाडी त्याची आहे. आणि चालवत आणून देईन असा शब्द दिलाय. झाली की द्यायची."

आणि मी मेली काय करत होते! याने रक्त आटवायचं आणि मी तांब्या घेऊन जायचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायली लावणाऱ्या माणसाने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काहीतरी जिवंत केलं, आणि मी त्यात पाणी ओतलं. फार वाईट वाटलं. रडले थोडी, कांदा चिरायला घेऊन.

यापुढे तांब्याला हात लावणार नाही. देवापुढे शपथ घेतली.

९ नोव्हेंबर, रविवार

आज आम्ही दोघं फियाटने गोरेगावपर्यंत जाऊन आलो. कुठे खोकली नाही, कुठे अडली नाही. सिग्नलला रिक्षावाल्याने विचारलं, "अंकल, बेचना है क्या?" श्याम इतक्या जोरात "नाही" म्हणाला की सिग्नल सुटल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. उड्डाणपुलावर चढताना मी ऐकलं, हळूच पुटपुटत होता – चल गं बाय माझी.

पुढच्या रविवारी नाहूर. ठरलं. मग हा परत घरात, बाराखडी परत फळीवर. लावू दे. कसा राहणार आहे तो खाली गाडीच्या जागी नुसता रिकामा चौकोन बघून, देव जाणे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

श्याम संध्याकाळी बराच वेळ बॉनेट उघडून उभा होता. पुसत होता म्हणाला. जेवला नाही नीट.

१६ नोव्हेंबर, रविवार

काय झालं कळत नाही! देवाशपथ मी काही केलेलं नाही.

देवदत्त सकाळीच आला, काकांबरोबर गाडीतून जायचं म्हणून. मी शिरा केला, गाडीला हार घातला, नारळ फोडला. सगळी बिल्डिंग निरोपाला खाली. श्याम आत बसला, चावी फिरवली. घर्र घर्र घर्र. परत. घर्र घर्र. देवदत्तने कोट काढून हँडल मारलं, घामाने निथळला, शेवटी हात धरून बसला. गाडी ढिम्म.

चोराच्या मनात चांदणं! टाकीच्या कुठल्या कोपऱ्यात माझं पाणी उरलं असेल का? सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटत होतं.

श्याम मात्र शांत. रुमालाला हात पुसत म्हणाला, "काहीतरी बारीकसं आहे. शोधायला वेळ लागेल रे, देवदत्त. जुनी गाडी. दोन महिने, चार महिने... सांगता येत नाही."

"काका, मग टोइंगवाल्याला..."

"चालवत आणून देईन म्हणालोय ना?"

"पण काका, चौथरा..."

"त्या चौथऱ्यावर तुळस लाव. चांगली दिसेल."

बिचारा शिरा खाऊन गेला. क्षमा मला म्हणाली, "बॅड लक गं." मी मान हलवली.

रात्री जेवायला बसलो तर श्यामने शिऱ्याचं पातेलं पुसून खाल्लं. माझ्या पोटात घास जाईना. उद्या सगळं सांगून टाकणार आहे. गडू, तांब्या, सगळं. काय बोलायचं ते बोलू दे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पाय दिसतायत.

सांगायच्या आधी म्हटलं धुणं लावून घ्यावं. श्यामचा कालचा शर्ट उचलला तर खिशात काहीतरी टोचलं. लिमलेटच्या गोळीहून थोडं मोठं. काळं.

शर्ट धुतला नाही. होता तसा खुंटीला अडकवला. मग स्टुलावर चढले आणि मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवला, मोहरीच्या शेजारी.