दोन बोटांची टकटक

१ सप्टेंबर १९९६, रविवार. सकाळी ६.४०
आज पुन्हा टकटक. जेवणाच्या टेबलावर, हेमलताच्या जागी. दोन बोटांची. मी चहा ओतत होतो.
कारण शोधलं: पाण्याचा पाइप. इंदिरानगरची नवी बांधकामं, दुसरं काय! घाबरलो नाही. हातावर चहा सांडला तो किटलीच्या तोटीमुळे.
हेमलताला जाऊन अडीच महिने झाले. मी पूर्ण सावरलोय.

त्याच दिवशी, दुपारी
तिचं कपाट आवरलं. साड्यांमागे पत्र्याचा डबा. वर चिनी अक्षरं, आत चहाची पत्ती. म्हणजे हेच ते! “अहो, इथे खरंखुरं कँटनीज चहाचं दुकान आहे, एकदा चला ना,” असं दोन वर्षं पाठीमागे लागली होती. चहा घरी मिळतो, असं मी म्हणायचो. मग ती एकटीच जायची. कुठे, ते विचारायचं राहिलं.
संकल्प: बेंगळुरूतली अस्सल कँटनीज ठिकाणं शोधून ऑफिससाठी यादी करायची. निकष एकच. तिथे लोकल माणसं आवडीने जात असली पाहिजेत. कंपनीचा क्वालिटी मॅनेजर आहे मी, महिन्यात दहा ठिकाणं म्हणजे किरकोळ काम. याचा हेमलताशी काही संबंध नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार
डब्यातली पत्ती करून पाहिली. आलं, वेलची, दूध, साखर घालून दहा मिनिटं खळखळून उकळली. गवताचा काढा. सिंकमध्ये ओतला. पुण्याच्या माणसाला चहा शिकवायला निघालेत! आणखी दोनदा प्रयोग. डब्यात जेमतेम दोन चमचे उरली. पत्ती शिळी असणार.

८ सप्टेंबर, रविवार. ६.४०
टकटक. आज नळाला पाणीच नव्हतं. म्हणजे पाइप नाही.
वरच्या मजल्यावरची कावेरीअक्का मसाला कुटत असेल म्हणून वर गेलो. ती डोळे चोळत दारात आली. म्हणाली, रविवारी सातच्या आत आमच्याकडे कुणी उठत नाही, तुमची तब्येत सरी आहे ना? बरी आहे म्हणालो. जरा तुटकच.
ही खोड मूळची हेमलताचीच. रविवारी चहा मी करायचो (सगळे नवरे करत नाहीत). कपात ओतला की ही बाई बाजूला दोन बोटं आपटणार. टक टक. जणू हुकूम, लवकर ओता! वर्षभर खपवून घेतलं. मे महिन्यात स्पष्ट विचारलं, मी काय हॉटेलातला वेटर आहे का? ती काहीतरी सांगायला लागली. मी पेपर उघडला. त्यानंतर तिने बोटं कधी वाजवली नाहीत.
संसारात स्पष्ट बोललेलं बरं असतं.

१५ सप्टेंबर, रविवार
यादीची प्रगती.
ठिकाण पहिलं: बसवनगुडी. गोबी मंचुरियन. मालक उडुपीचा. बाद.
दुसरं: चायनीज चहा मागितला. फिल्टर कॉफी आली. बाद. (कॉफी उत्तम होती. दोन घेतल्या.)
तिसरं: होसकोटे. शेजारचे मल्हारराव, यांचं घराणं तीनशे वर्षं इकडचं, म्हणाले तिथे लोकल माणसांची नुसती झुंबड असते, नूडल्स मिळतात. दोन बस बदलून गेलो. कारखान्याचं कँटीन निघालं! नूडल्समध्ये कढीपत्ता. परत येऊन तणतणलो, तर मल्हारराव शांतपणे म्हणाले, अण्णा, माणसं लोकलच होती की. स्वल्प दमाने घ्या.
निकषात सुधारणा करावी लागेल.

२२ सप्टेंबर, रविवार. ६.४०
टकटक. आज तिच्याही जागी कप ठेवला. निव्वळ चाचणी म्हणून. मोठ्याने विचारलं, काय पाहिजे तुला? चहावर साय धरली. माझ्या डोळ्यांत आल्याची वाफ गेली.
आलं संपलं होतं, हे आत्ता लक्षात आलं.

५ ऑक्टोबर, शनिवार
महिना संपला. ठिकाणं शून्य.
कावेरीअक्का डोशाचं पीठ द्यायला आली. टेबलावरचा डबा पाहून तिने तो सहज उलटा केला. तळाला पत्ता. इंग्रजीत. शिवाजीनगर.
डबा उलटा करणं माझ्या कार्यपद्धतीत नव्हतं.

६ ऑक्टोबर, रविवार
सापडलं. कमर्शियल स्ट्रीटच्या मागची गल्ली, पाच टेबलं, सगळी भरलेली. चिनी कुटुंबं, ब्युटी पार्लरच्या बायका, पेपर वाचणारे एक कानडी आजोबा. निकष शंभर टक्के पूर्ण.
मालकीण मिसेस लियुंग, सत्तरीच्या. डबा ओळखला. मोडक्या हिंदीत विचारलं, हेमलता का येत नाही? सांगितलं. त्या माझ्यासमोर बसल्या. मग उठून किटली आणली. दूध नाही, साखर नाही. मी सगळा प्यालो.
शेजारच्या टेबलावर एकाने चहा ओतला. दुसऱ्याने कपाशेजारी दोन बोटं वाजवली. टक टक. मी चमकलो. विचारलं, एवढी घाई कशाची? त्या म्हणाल्या, घाई नाही. कुणी चहा ओतला की आमच्यात असे आभार मानतात. हेमलता इथेच शिकली. म्हणायची, रविवारी नवरा स्वतःच्या हाताने चहा देतो, पण आमच्यात नवऱ्याला थँक यू म्हणायची पद्धत नाही, लाज वाटते. हे बरं आहे.
यादीत काही लिहिलं नाही. रिक्षाही केली नाही. चालत आलो.

१३ ऑक्टोबर, रविवार. ६.४०
उरलेली पत्ती. नुसतं गरम पाणी. दोन कप.
तिच्या कपात आधी ओतला. थांबलो.
६.५०. काही नाही.
सात. मोठ्याने म्हणालो, वाजव गं. मी काही बोलणार नाही.
७.३०. चहा गार. वर कावेरीअक्काचा नळ सुरू झाला.
डबा रिकामा. यादी बंद.
टकटक नाही. पाइप दुरुस्त झाला असावा.